जुना फोटो, नवी फ्रेम: स्कॅन केलेला फोटो घरी छापताना कापायचा कसा आणि मोठा किती करायचा



घरातल्या एका टेबलावर प्रिंटर आणि स्कॅनर ठेवून फोटोचं काम सुरू करायचं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. पासपोर्ट फोटो तर सगळेच काढून देतात. आज आपण दुसऱ्या कामाबद्दल बोलू, ज्यात दर चांगला मिळतो आणि गिऱ्हाईक तुमचं नाव लक्षात ठेवतं. ते काम म्हणजे जुना छापील फोटो स्कॅन करून, नीट कापून, हव्या त्या मापात पुन्हा छापून देणं. व्हिडिओत मी सगळं स्क्रीनवर करून दाखवलंय. पण आकडे लिहून घेताना व्हिडिओ सारखा थांबवावा लागतो, म्हणून सगळा हिशोब इथे देते. याची प्रिंट काढून कॉम्प्युटरशेजारी चिकटवलीत तरी चालेल.

या कामासाठी येतं कोण, ते आधी बघा. वडील वारलेत, तेराव्याला फ्रेम हवी आहे आणि घरात त्यांचा एकच धड फोटो आहे, तोही जुन्या ओळखपत्रावरचा. किंवा आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे आणि अल्बममधला पिवळा पडलेला फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचा आहे. पासपोर्ट फोटो बिघडला तर माणसाला पुन्हा खुर्चीवर बसवता येतं. वारलेल्या माणसाचा फोटो पुन्हा काढता येत नाही. समोरचा माणूस ती एकुलती एक वस्तू तुमच्या हातात देतो, तेव्हा आपल्याला काम येतंच असायला हवं.

सगळ्या धड्याचं सार तीन ओळींत सांगते:

– आधी शेवटचं माप ठरवा, मग स्कॅन करा.
– फोटो कापायचा, ताणायचा नाही.
– काय कापायचं ते गिऱ्हाईक ठरवेल, आपण नाही.

आता एकेक करून बघू.

१. सुरुवात कॉम्प्युटरवर नाही, फ्रेमपासून

नवीन माणूस आधी फोटो स्कॅन करतो आणि मग विचारतो, "केवढा पाहिजे?" हा क्रम उलटा आहे. आधी विचारा, फोटो लागणार कुठे? भिंतीवर, देवघराशेजारी, पाकिटात की अल्बममध्ये? फ्रेम घेतली असेल तर ती घेऊन यायला सांगा आणि पट्टीने स्वतः मोजा. बाजारात ८×१० ची म्हणून मिळालेली फ्रेम प्रत्यक्षात ८×१२ ची निघू शकते. शिवाय फोटोची कडेची बारीक पट्टी फ्रेमच्या खाचेत झाकली जाते. ती किती, हेही त्याच वेळी मोजून घ्या. महत्त्वाचं काही त्या पट्टीत जाता कामा नये.

ए-फोर प्रिंटरवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. ए-फोर कागद २१०×२९७ मिलिमीटरचा असतो, म्हणजे ८.२७×११.६९ इंच. ८×१० इंचाचा फोटो त्यात आरामात बसतो. ८×१२ बसत नाही, कारण १२ इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर आणि कागद जवळपास ८ मिलिमीटरने अपुरा पडतो. गिऱ्हाइकाने ८×१२ ची फ्रेम आणली आणि तुम्ही हो म्हणालात, तर प्रिंट आत सरकेल किंवा पांढरी फट दिसेल. अशा वेळी ८×१० ची फ्रेम सुचवा, नाहीतर ८×१२ चं काम मोठ्या लॅबकडून करून घ्या आणि दर तसा सांगा.

२. इंच आणि पिक्सेल: एकच गुणाकार

कॉम्प्युटरला इंच कळत नाहीत. त्याच्याकडे असतात फक्त पिक्सेल, म्हणजे रंगाचे बारीक ठिपके. ते कागदावर किती दाट बसवायचे ते आपण सांगतो. एका इंचात ३०० पिक्सेल बसवले की हातात धरून पाहायचा फोटो स्वच्छ दिसतो. व्यवहारात याला '३०० डीपीआय' म्हणतात. भिंतीवरचा फोटो आपण दोन-चार फुटांवरून बघतो, तिथे १५० ते २०० लाही काम भागतं. त्याच्या खाली गेलात की चेहरा मऊ, धुरकट दिसायला लागतो.

गुणाकार असा: इंच × ३०० = पिक्सेल.

नेहमी लागणारी मापं:

– पासपोर्ट, ३५×४५ मिलिमीटर: ४१३×५३१ पिक्सेल
– ४×६ इंच: १२००×१८००
– ५×७ इंच: १५००×२१००
– ६×८ इंच: १८००×२४००
– ८×१० इंच: २४००×३०००
– ए-फोर पूर्ण: २४८०×३५०८
– ८×१२ इंच: २४००×३६००
– १२×१८ इंच: ३६००×५४००

प्रिंटरच्या खोक्यावर '५७६०×१४४० डीपीआय' असं काहीतरी छापलेलं असतं. त्याने गोंधळून जाऊ नका. तो आकडा प्रिंटर शाईचे थेंब किती बारीक टाकतो त्याचा आहे. फोटोची फाइल त्या मापाची करायची नसते.

आणखी एक गैरसमज. फाइलमध्ये '७२ डीपीआय' लिहिलंय म्हणजे फोटो खराब, असं बरेच जण धरून चालतात. ती फक्त चिठ्ठी असते. २४००×३००० पिक्सेलचा फोटो असेल तर चिठ्ठीवर ७२ असो की ३००, ८×१० चा प्रिंट सारखाच निघणार. मोजायचे ते पिक्सेल.

३. स्कॅन किती डीपीआयवर करायचा?

याचं सूत्र सोपं आहे:

प्रिंटची रुंदी ÷ मूळ फोटोची रुंदी × ३०० = स्कॅनचा डीपीआय

मूळ फोटो ४×६ आणि प्रिंटही ४×६ हवा असेल, तर ३०० पुरेसे. ४×६ चा ८×१२ करायचा तर दुप्पट, म्हणजे ६००. छोटा २×३ इंचाचा फोटो ८×१२ करायचा तर चौपट, म्हणजे १२००.

आता यातली ग्यानबाची मेख. स्कॅनरला १२०० सांगितलं म्हणून तो फोटोत नसलेला तपशील आणू शकत नाही. साध्या छापील फोटोत ३०० ते ६०० डीपीआयच्या पलीकडे सहसा काही नवीन सापडत नाही. सापडतात ते कागदाचे कण, धूळ आणि ओरखडे. म्हणून माझी दुकानातली पद्धत अशी: सगळे जुने फोटो ६०० वर स्कॅन करायचे, आणि फोटो अगदीच छोटा असेल तर १२०० वर.

फाइल किती जड होते तेही बघा. ४×६ चा रंगीत फोटो ६०० वर स्कॅन केला की २४००×३६०० पिक्सेल होतात, म्हणजे न दाबलेली फाइल साधारण २६ एमबी. तोच १२०० वर केला तर चौपट, शंभर एमबीच्या वर. जुन्या लॅपटॉपला घाम फुटतो आणि हाताला विशेष काही लागत नाही.

स्कॅनर घेताना त्याचा 'ऑप्टिकल' डीपीआय विचारा. 'इंटरपोलेटेड' म्हणून मोठा आकडा लिहिलेला असतो, तो सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो.

४. काचेवर ठेवण्याआधी

हात धुवून, कोरडे करून कामाला बसा. काच मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. कापड किंचित ओलं करायचं, पण पाणी थेट काचेवर मारायचं नाही. फोटोवरची धूळ मऊ ब्रशने झटका, ओल्या फडक्याने पुसू नका.

फोटो जुन्या फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका. ओल लागून चिकटलेल्या फोटोचा रंगाचा थरच काचेबरोबर निघून येतो. अशा वेळी काचेसकटच तो स्कॅन करा किंवा उजेड बाजूने घेऊन चांगल्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढा. थोडी चकाकी परवडली, चेहरा सोललेला नको.

स्कॅनच्या सेटिंगमध्ये ब्लॅक अँड व्हाइट फोटोसुद्धा रंगीत मोडवर घ्या. पिवळे डाग आणि फिकटपणा दुरुस्त करायला रंगाची माहिती कामी येते. वर्तमानपत्रातून किंवा पत्रिकेतून कापलेला फोटो असेल तर 'डिस्क्रीन' हा पर्याय चालू करा, नाहीतर छपाईच्या ठिपक्यांची जाळी प्रिंटवर उठते.

स्कॅन साठवताना टिफ किंवा पीएनजीमध्ये साठवा. जेपीईजी दर वेळी उघडून पुन्हा सेव्ह केली की थोडी थोडी झिजते. ही पहिली फाइल म्हणजे तुमची मूळ प्रत. तिला हात लावायचा नाही. तिची कॉपी करायची आणि सगळी कापाकापी कॉपीवर करायची. गिऱ्हाइकाचा मूळ फोटो पाकिटात घालून, त्यावर नाव लिहून, स्कॅन झाला की त्याच्या समोर परत द्या. रात्रभर दुकानात ठेवून घेऊ नका.

गिऱ्हाईक म्हणतं, "फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो, चालेल ना?" तर मूळ फोटोच घेऊन या म्हणायचं. तेही जमत नसेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो म्हणून पाठवला की अॅप तो दाबून लहान करतं.

५. फोटो ताणला का जातो?

इथेच सगळ्यात जास्त प्रिंट वाया जातात, म्हणून सावकाश वाचा.

प्रत्येक मापाला एक प्रमाण असतं, लांबी आणि रुंदीचं. ४×६, ८×१२ आणि १२×१८ ही एकाच घरातली भावंडं, प्रमाण २:३. यांचा फोटो एकमेकांत बसतो, काही कापावं लागत नाही. ६×८ चं प्रमाण ३:४, आणि मोबाइलचे फोटोही बहुतेक याच प्रमाणात निघतात. ८×१० चं ४:५. ५×७ आणि ए-फोर जवळजवळ जुळी आहेत, एकाचं प्रमाण १:१.४ तर दुसऱ्याचं १:१.४१.

आता ४×६ चा फोटो गिऱ्हाइकाला ८×१० मध्ये हवाय. ६०० वर स्कॅन केल्यावर तुमच्याकडे २४००×३६०० पिक्सेल आहेत. ८×१० ला हवेत २४००×३०००. उंचीचे ६०० पिक्सेल जास्त झाले. आता पर्याय तीन.

पहिला, दाबून बसवणं. सॉफ्टवेअरला सांगितलं, २४००×३००० कर. त्याने केलं. पण उंची सहाव्या हिश्शाने कमी झाली आणि रुंदी तेवढीच राहिली. चेहरा बसका झाला, गाल सुजल्यासारखे दिसतात. गिऱ्हाइकाला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येणार नाही, पण तो म्हणेल, "हे आमचे अण्णा वाटत नाहीत हो." हा पर्याय कधीच वापरायचा नाही.

दुसरा, कापणं. वरून किंवा खालून मिळून ६०० पिक्सेल काढायचे. मूळ फोटोवर ते पूर्ण एक इंच होतात! सहा इंचांतला एक इंच. अर्ध्या फोटोला हे चालतं. पण जोडीने उभं राहून, पावलापासून डोक्यापर्यंत काढलेल्या फोटोत एक इंच गेला म्हणजे पावलं तरी गेली नाहीतर डोकं तरी टेकलं.

तिसरा, कडा सोडणं. पूर्ण फोटो २:३ मध्येच ठेवायचा आणि उरलेल्या जागेत माउंटची किंवा पांढरी पट्टी येऊ द्यायची. ८×१० च्या आत ६×९ चा फोटो बसवला की वरखाली अर्धा-अर्धा इंच आणि दोन्ही बाजूंना एकेक इंच कडा राहते. दिसायला सुंदर दिसतं, कापावं काहीच लागत नाही, आणि माउंटचे वेगळे पैसे घेता येतात.

उलट दिशेचा नमुनाही करून बघा. ५×७ चा फोटो ६०० वर ३०००×४२०० होतो. त्याचा ४×६ करायचा तर प्रमाण २:३ आणण्यासाठी रुंदी २८०० करावी लागते. २०० पिक्सेल गेले, म्हणजे मूळ फोटोवर इंचाचा तिसरा हिस्सा. दोन्ही बाजूंनी थोडा थोडा कापला की कळतही नाही. मात्र कडेला कोणी उभं असेल तर त्याचा खांदा तपासा.

६. काय कापायचं हे कोण ठरवणार?

आपल्याला वाटतं, मागची भिंत, कोपऱ्यातला पाट, खुर्चीचा हात, हे काढून टाकू म्हणजे फोटो साफ दिसेल. पण ती भिंत पडलेल्या जुन्या घराची असू शकते. कोपऱ्यात अर्धवट दिसणारी सायकल आजोबांची पहिली खरेदी असू शकते. आपल्याला कचरा वाटतं ते त्या घराची आठवण असतं.

म्हणून स्क्रीनवर कापायची चौकट आखा, Enter च्या ऐवजी माउस सोडा आणि स्क्रीन गिऱ्हाइकाकडे फिरवा. एकच वाक्य विचारायचं: "काकू, चौकटीच्या बाहेरचं सगळं जाणार आहे. चालेल?" अर्धा मिनिट लागतो, पण प्रिंट परत येत नाही.

ग्रुप फोटोतून एकच माणूस काढायचा असेल तर आणखी जपून. खांद्यावर दुसऱ्याचा हात असतो. तो हात मधेच कापला तर विचित्र दिसतो, आणि घरातल्यांना तो हात कोणाचा हे माहीत असतं. कधी ते म्हणतात, पुसून टाका. कधी म्हणतात, राहू द्या, तो माझ्या भावाचा आहे. तुम्ही मनाने ठरवू नका.

कापताना सांध्यावर कापू नये. मनगट, कोपर, गुडघा, घोटा इथे कडा आली की अवयव तुटल्यासारखा दिसतो. छातीच्या मध्यावर, कमरेच्या थोडं वर किंवा मांडीच्या मध्यावर कापलेलं डोळ्याला बरं वाटतं. माणूस ज्या बाजूला बघतोय त्या बाजूला थोडी जास्त जागा सोडा.

हाराचा फोटो असेल तर एक वेगळा नियम. फ्रेमला हार घातला की तो वरच्या दोन कोपऱ्यांवरून खाली येतो. डोकं वरच्या कडेला टेकवून कापलं असेल, तर फुलांनी कपाळ आणि कान झाकले जातात. चंदनाचा टिळा लावायला काचेवर कपाळाची जागा मोकळी हवी. म्हणून अशा फोटोत डोक्यावर भरपूर जागा सोडा आणि दोन्ही बाजूंनाही. मूळ फोटोत वर जागाच नसेल तर मागचा रंग वाढवून जागा तयार करावी लागते. ते काम वेगळं आहे, त्याचा दर वेगळा सांगा.

७. छोट्या चेहऱ्याचा मोठा प्रश्न

समजा ४×६ च्या ग्रुप फोटोत आजोबांचा डोक्यापासून छातीपर्यंतचा भाग जेमतेम १×१.२५ इंच आहे, आणि मुलाला ८×१० ची फ्रेम हवी आहे. ६०० वर स्कॅन केल्यावर त्या तुकड्यात ६००×७५० पिक्सेल मिळतात. ८×१० वर पसरले की इंचाला फक्त ७५. चेहरा धुरकट दिसणारच.

इथे खोटं आश्वासन द्यायचं नाही. पर्याय द्यायचा: फोटो ४×५ इंचाचा छापा, म्हणजे इंचाला १५० मिळतात. तो ८×१० च्या फ्रेममध्ये रुंद माउंट लावून बसवा. फ्रेम मोठीच राहते, चेहरा ओळखू येतो, आणि माउंटमुळे फोटोला मान येतो.

"एआयने मोठा करून द्या ना," असंही आता सगळे म्हणतात. ती साधनं वापरा, पण त्यांचं काम समजून घ्या. फोटोत जे पिक्सेल नाहीत ते एआय अंदाजाने भरतं. डोळे चकचकीत होतात, दात सरळ होतात, सुरकुत्या जातात. अनोळखी माणसाला फोटो छान वाटतो. बायकोला, मुलीला मात्र लगेच कळतं की हा चेहरा थोडा दुसऱ्याच कोणाचा झालाय. म्हणून साधा मोठा केलेला आणि एआयने केलेला, असे दोन्ही शेजारी-शेजारी स्क्रीनवर दाखवा आणि त्यांनाच निवडू द्या. मूळ स्कॅन आपल्याकडे असतोच.

८. जिम्पमध्ये करायचा क्रम

जिम्प फुकट आहे आणि धंद्यासाठी वापरायलाही मोकळीक आहे. हे सांगते कारण काही सॉफ्टवेअर फक्त घरगुती वापरासाठी फुकट असतात. उदाहरणार्थ इरफानव्ह्यू. ते धंद्यात वापरायचं तर लायसन्स घ्यावं लागतं. सुरुवातीपासून साफ राहिलेलं बरं.

पायऱ्या याच क्रमाने:

१) मूळ स्कॅनची कॉपी उघडा.

२) सरळ करा. मेझर टूल घेऊन जी रेघ सरळ असायला हवी, भिंतीची कड किंवा दाराची चौकट, तिच्यावर ओढा आणि स्ट्रेटन दाबा. फिरवल्यावर कोपरे रिकामे होतात, ते पुढच्या पायरीत कापले जातील. म्हणून सरळ आधी, कापणं नंतर.

३) कापा. क्रॉप टूल घ्या. शॉर्टकट शिफ्ट आणि सी. खालच्या पर्यायांत 'फिक्स्ड' वर टिक करून 'आस्पेक्ट रेशो' निवडा आणि ८×१० साठी ४:५ टाका. आता चौकट कशीही ओढली तरी प्रमाण बिघडत नाही. गिऱ्हाइकाला दाखवा, होकार घ्या, मग एंटर.

४) रंग, डाग, फिकटपणा यांची दुरुस्ती आता करा.

५) माप द्या. इमेज मेन्यूत 'प्रिंट साइज' उघडा आणि रुंदी ८ इंच टाका. तिथे डीपीआय किती येतो ते बघा. २०० ते ४०० च्या मध्ये असेल तर काही करू नका, तसंच छापा. पिक्सेल बदलायचेच असतील तर 'स्केल इमेज' मध्ये जा. रुंदी आणि उंचीमधली साखळी जोडलेली आहे ना ते तपासा. ती तुटलेली असली की फोटो ताणला जातो. वारंवार लहान-मोठा करत बसू नका, दर वेळी थोडी धार जाते.

६) धार सगळ्यात शेवटी. शेवटच्या मापावर आल्यावर 'शार्पन' अगदी हलका द्या. जास्त दिला की चेहऱ्याभोवती पांढरी रेघ उमटते.

७) नवीन नावाने एक्सपोर्ट करा. नावातच माप लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी दुसरी प्रत मागायला आले तर पाच मिनिटांत निघते.

९. प्रिंटच्या खिडकीत तीन ठिकाणी नजर टाका

फाइल बरोबर असूनही प्रिंट चुकीचा येतो, तो बहुतेक इथे.

स्केल: '१०० टक्के' किंवा 'अॅक्च्युअल साइज' ठेवा. 'फिट टू पेज' असेल तर तुमचा ८ इंच ७.८ किंवा ८.२ होऊन बसतो.

विंडोजचं 'फिट पिक्चर टू फ्रेम': इथे टिक असली की विंडोज चौकट भरण्यासाठी फोटो आपल्या मनाने कापतं. एवढं विचारून, मोजून कापलेलं वाया. टिक काढा.

बॉर्डरलेस: कडेपर्यंत छापताना प्रिंटर फोटो किंचित मोठा करतो आणि कडा बाहेर सांडू देतो. म्हणून कडेला लिहिलेली तारीख किंवा फोटो स्टुडिओचं नाव अर्धवट जाऊ शकतं. ते ठेवायचं असेल तर बॉर्डर ठेवूनच छापा आणि नंतर कटरने कापा.

आणि कागदाचा प्रकार. ग्लॉसी कागद घालून सेटिंग 'प्लेन पेपर' राहिली तर शाई चुकीची पडते, रंग मळकट येतो. छापून झाल्यावर प्रिंट सपाट सुकू द्या. ओला प्रिंट काचेत घातला तर काही दिवसांनी तोही काचेला चिकटतो. मग तुमच्याकडे आलेला जुना फोटो कसा खराब झाला ते कळेलच.

१०. पट्टी छापा, पूर्ण कागद वाचवा

पूर्ण ए-फोर छापून मग रंग बघणं म्हणजे पैसे जाळणं. शेवटच्या फाइलमधून डोळे आणि नाक येईल एवढी दोन इंचांची पट्टी कापा, मोठी-लहान न करता, आणि उरलेल्या त्याच कागदाच्या तुकड्यावर १०० टक्क्यांवर छापा. चेहरा किती मऊ दिसतो, त्वचेचा रंग लाल झालाय का, सगळं तेवढ्यात कळतं. गिऱ्हाईक समोर असेल तर पट्टी त्यालाही दाखवा.

दर ठरवताना कागद आणि शाई एवढंच धरू नका. समजा कागद-शाई मिळून ४० रुपये लागले, चार प्रिंटमागे एक वाया जातो म्हणून त्यात १० धरले, आणि स्कॅनपासून छपाईपर्यंत तुमचे ४० मिनिटं गेले. तासाला १५० रुपये मिळावेत असं तुम्ही ठरवलं असेल तर वेळेचे १०० झाले. एकूण १५०. फ्रेम, माउंट, नफा हे त्याच्या वर. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे भाव टाकून तुम्ही करा. पण 'वेळ' हा रकाना रिकामा ठेवू नका. ज्याने तो रिकामा ठेवला, त्याचं दुकान गर्दीत असूनही तोट्यात जातं.

गिऱ्हाइकाच्या घरचा फोटो 'आमचं काम' म्हणून स्टेटसला टाकायचा असेल तर आधी विचारा. दुःखाच्या घरातला फोटो तर नकोच.

गृहपाठ

स्वतःच्या घरातला एक ४×६ चा जुना, उभ्या माणसांचा फोटो घ्या. ६०० वर स्कॅन करा. त्याच्या तीन फाइल बनवा: ८×१० साठी कापलेली, ८×१० च्या आत ६×९ ठेवून कडा सोडलेली, आणि एकाच माणसाची ४×५. छापायच्या आधी प्रत्येकीचे पिक्सेल वहीत लिहा आणि इंचाने भागून डीपीआय काढा. मग तिन्ही प्रिंट घरातल्या मोठ्या माणसांसमोर ठेवा आणि विचारा, यातला कोणता भिंतीवर लावाल? त्यांचं उत्तर नीट ऐका. गिऱ्हाईकही त्याच नजरेने बघणार आहे.

पुढच्या भागात डाग, घड्या आणि उडालेला रंग दुरुस्त कसा करायचा ते घेऊ. तोपर्यंत पट्टी, वही आणि कटर हाताशी ठेवा. भेटू!